अनुग्रह की सावड?



आपल्या सरकारी मराठीत एक शब्द आहे, ‘सानुग्रह अनुदान’. पूर येतो, वीज पडते, दरड कोसळते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमी असते की मृतांच्या वारसांना अमुक इतक्या लाखांचे सानुग्रह अनुदान जाहीर झाले. हा शब्द आपण इतक्या वेळा वाचला आहे की त्याच्याकडे आपले लक्षही जात नाही. माझा व्यवसायच शब्दांचा. त्यामुळे मी अशा ठिकाणी अडखळतो. अनुग्रह म्हणजे कृपा. गुरू शिष्यावर अनुग्रह करतो, देव भक्तावर करतो. ज्याच्यावर अनुग्रह होतो त्याने हात जोडायचे असतात, हिशेब विचारायचा नसतो. कायद्याच्या इंग्रजीतल्या एका लॅटिन शब्दप्रयोगाचे हे भाषांतर आहे आणि भाषांतर म्हणून ते अगदी चोख आहे. अडचण भाषांतराची नाही, मूळ कल्पनेची आहे. ज्याचे घर वाहून गेले त्याला देशाच्या तिजोरीतून जे मिळते, ती कृपा आहे की त्याचे येणे आहे?

या प्रश्नावर अमेरिकेत सव्वादोनशे वर्षे उघड वाद चालू आहे. तिथे पन्नास राज्ये आहेत आणि त्या सर्वांचे मिळून वॉशिंग्टनला एक संघ सरकार आहे. एखाद्या राज्यावर संकट आले तर ते त्या राज्याने निस्तरावे, की सगळ्या देशाच्या खजिन्यातून मदत जावी? आपल्याकडे दिल्ली आणि राज्ये यांच्यात हीच ओढाताण चालते. म्हणून त्यांचा वाद समजून घेणे आपल्याही उपयोगाचे आहे.

गोष्ट १८८७ सालची. टेक्सास राज्याच्या काही भागांत दुष्काळ पडला होता. पीक बुडाले होते आणि पुढच्या पेरणीला बियाणे नव्हते. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बियाणे वाटण्यासाठी दहा हजार डॉलर मंजूर केले. देशाच्या मानाने रक्कम किरकोळच. पण राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी १६ फेब्रुवारी १८८७ रोजी ते विधेयक नाकारून परत पाठवले. त्यांनी कारणे दिली ती साधारण अशी : राज्यघटनेत अशा खर्चाला आधार नाही, सरकार आईबापासारखे पाठीशी उभे राहते अशी सवय लागली तर लोकांचा कणखरपणा जाईल, आणि सरकारने हात पुढे केला की शेजाऱ्यापाजाऱ्यांची माया आटेल. जनतेने सरकारला पोसायचे असते, सरकारने जनतेला पोसायचे नसते, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

क्लीव्हलंड काही निर्दय माणूस नव्हते. सरळ आणि काटकसरी कारभाराबद्दल त्यांची ख्याती होती. शिवाय त्यांच्या नकारानंतर लोक खरोखरच धावून आले. वर्तमानपत्रांनी निधी जमवला, अमेरिकी रेड क्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन स्वतः टेक्सासला जाऊन पाहणी करून आल्या, राज्याच्या विधिमंडळानेही पैसे मंजूर केले. संघ सरकारने आपत्तीत पडू नये असे म्हणणारे लोक अमेरिकेत आजही हा दाखला देतात.

पण इतिहासाची पाने जरा मागे उलटली तर चित्र वेगळे दिसते. १८०२ च्या डिसेंबरात न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्‌स्मथ बंदराला मोठी आग लागली. १८०३ साली काँग्रेसने कायदा करून तिथल्या व्यापाऱ्यांना सरकारी जकातीचे पैसे भरायला मुदत वाढवून दिली. अमेरिकी संघ सरकारची ही पहिली आपत्ती-मदत मानली जाते. पुढेही आग, पूर, भूकंप अशा प्रसंगी काँग्रेसने वेळोवेळी मदत मंजूर केली. मिशेल लँडिस डॉबर या अभ्यासक बाईंनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले आहे. म्हणजे क्लीव्हलंड यांचा नकार प्रसिद्ध असला तरी तो रिवाज नव्हता.

आता खासगी दयेचा दुसरा दाखला पाहू. १९२७ साली मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला. सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी पूरग्रस्तांना सरकारी तिजोरीतून थेट पैसे द्यायला नकार दिला. देखरेखीसाठी त्यांनी व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांना पाठवले, आणि छावण्या व अन्नधान्य यांचा भार रेड क्रॉसने लोकांच्या देणग्यांवर उचलला. कागदावर हे सारे छान दिसते. जमिनीवर काय झाले? मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिल गावी हजारो कृष्णवर्णीय शेतमजूर नदीच्या बांधावर अडकून पडले होते. त्यांना बोटींनी बाहेर काढता आले असते. पण कापसाच्या मळेवाल्यांना भीती होती की एकदा बाहेर पडलेले मजूर परत येणार नाहीत. म्हणून त्यांना बांधावरच ठेवले. भोवती बंदुकीचा पहारा, अंगावर ओळखीचा बिल्ला आणि काम केले तरच शिधा. देणगी देणाऱ्या हजारो लोकांची माया खरी होती. पण ती पोहोचत होती मळेवाल्याच्या हातातून.

त्याच पुरात न्यू ऑर्लिन्स शहर वाचवण्यासाठी २९ एप्रिल १९२७ रोजी शहराच्या खालच्या अंगाला असलेला बांध सुरुंग लावून फोडण्यात आला. पाणी गरिबांच्या दोन परगण्यांत सोडले गेले. शहरातल्या धनिकांनी भरपाईचे वचन दिले होते. त्यातले हातात पडले फारच थोडे.

वाढपी ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसले तरी चालते, असे आपण म्हणतो. पण वाढपी आपला सावकार असला तर? किंवा आपल्याला पंगतीतच बसू न देणारा असला तर? शेजारधर्म फार मोलाचा आहे. संकटात पहिला हात शेजाऱ्याचाच येतो, सरकारी गाडी नंतर पोहोचते. पण शेजारधर्म गावातल्या उतरंडीतूनच वाहतो. गावात ज्याची पत कमी, त्याच्या वाट्याला दयाही कमीच येते. दूरच्या सरकारने नियम करून, नाव न विचारता द्यायचे म्हटले, तर निदान कागदावर तरी सगळे पूरग्रस्त सारखे होतात.

श्रोतेहो, आता मी आपल्या मातीतला एक शब्द घेतो, सावड. ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना तो सांगायला नको. आज चार घरची माणसे माझ्या शेतात राबायला आली, उद्या मी त्यांच्या शेतात जायचे. इथे मजुरी नाही आणि उपकारही नाही. सावडीला आलेल्या माणसाचे कुणी पाय धरत नाही. भाकरी बांधून आपली पाळी आली की आपण जातो, एवढेच. माझ्या एकट्याचे छप्पर उडाले तर सावडीने ते पुन्हा चढते.

पण सावडीला एक मर्यादा आहे. एका रात्रीत साऱ्या गावाची छपरे उडाली तर कोण कोणाच्या मदतीला जाणार? तेव्हा शेजारचे गाव यावे लागते. सारा तालुका बुडाला तर जिल्हा, जिल्हा बुडाला तर राज्य. आणि राज्याचा निम्मा भाग पाण्याखाली गेला तर? आपत्ती जितकी मोठी, तितका सावडीचा घेर मोठा लागतो. देशाचा खजिना हा त्यातला सर्वांत मोठा घेर. संघराज्य म्हणजे माझ्या मते राज्याराज्यांनी एकमेकांशी केलेली सावडच आहे. प्रत्येक राज्यातला माणूस कर भरतो, तो याच हिशेबाने की पाळी कोणावरही येऊ शकते.

यात पैशाचे साधे व्यवहारही आहेत. अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक राज्याला दरवर्षी आपले अंदाजपत्रक जमाखर्चाने जुळवावेच लागते. संघ सरकारला मात्र मोठे कर्ज काढता येते. वादळात राज्याची बाजारपेठ बुडते म्हणजे कराचे उत्पन्नही बुडते. आणि नेमका त्याच वर्षी खर्च दसपट होतो. आणखी एक गोष्ट नदीची. मिसिसिपी नदी तीसेक राज्यांचे पाणी वाहून नेते. वरच्या राज्यांचे पाणी खालच्या लुइझियानाच्या अंगणात येते. त्या पाण्याचा खर्च एकट्या लुइझियानाने का सोसावा? आपल्याकडे कृष्णेला पूर आला की सांगली-कोल्हापूर आणि अलमट्टी यांचा वाद निघतो. त्या वादात खरे कोण, खोटे कोण हे बाजूला ठेवू. दोन राज्यांमधून वाहणाऱ्या नदीचा प्रश्न एका राज्याच्या हद्दीत सुटत नाही, एवढे तरी त्यातून कळते.

१९२७ च्या पुराने अमेरिकेला बदलले. पुढच्याच वर्षी पूरनियंत्रणाचा मोठा कायदा झाला. १९५० साली आपत्ती मदतीचा कायमचा कायदा आला. तोवर प्रत्येक संकटासाठी काँग्रेसला वेगळा ठराव करावा लागे. १९७९ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विखुरलेली कामे एकत्र करून ‘फेमा’ ही संघ सरकारची आपत्ती यंत्रणा उभी केली. १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याने असे ठरले की राज्यपालांनी मागणी करावी, राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर करावी, आणि मग रस्ते, पूल, शाळा अशा सार्वजनिक दुरुस्तीचा किमान ७५ टक्के खर्च संघ सरकारने द्यावा.

एवढे सगळे असूनही २००५ साली कॅटरिना वादळात काय झाले ते जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. २९ ऑगस्टला वादळ धडकले आणि न्यू ऑर्लिन्सचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. ज्यांच्याकडे मोटार होती ते आधीच निघून गेले. ज्यांच्याकडे नव्हती ते छपरांवर आणि क्रीडागारात अडकले. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाची यंत्रणा त्यांच्यापर्यंत कित्येक दिवस पोहोचली नाही. फेमाच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. कॅटरिनाच्या महिनाभर आधी, २६ जुलैला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून आपली मुंबई बुडाली होती. तरीही भारताने अमेरिकेला ५० लाख डॉलर देऊ केले आणि आपल्या हवाई दलाचे विमान मदतीचे सामान घेऊन तिकडे गेले. त्यावर काही जण हसले असतील. मला मात्र ती सावडच वाटते.

कॅटरिनानंतर अनेकांनी म्हटले की बघा, दूरच्या सरकारला हे काम जमतच नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. पण शहर बुडाले ते नुसत्या वादळाने नव्हे. पाणी अडवणाऱ्या भिंती फुटल्या म्हणून. त्या भिंती बांधल्या होत्या संघ सरकारच्याच लष्करी अभियंत्यांनी, आणि आराखड्यातले दोष त्यांनी पुढे २००६ साली मान्य केले. ज्याने बांध घातला तो बांध फुटल्यावर ‘आम्ही कृपा म्हणून काही देतो’ असे म्हणू लागला तर त्याला काय म्हणायचे? आपत्ती नावाची गोष्ट निखळ आभाळातून पडत नाही. धरण कुठे बांधले, नाला कुणी बुजवला, घरे कुठे बांधू दिली, यात सरकारांचे हात गुंतलेले असतात.

आता देण्याघेण्याच्या राजकारणाची एक गोष्ट. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीला झोडपले. मदतीचे मुख्य विधेयक मंजूर व्हायला जानेवारी २०१३ अखेर उजाडली. खर्च फार होतो असे म्हणून विरोधात मत देणाऱ्यांत टेक्सासचे बहुतेक रिपब्लिकन प्रतिनिधी होते. पुढे २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आले ते टेक्सासवरच. ह्यूस्टन शहर बुडाले आणि त्याच टेक्सासला वॉशिंग्टनकडे हात पसरावा लागला. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या लोकांनी काही टोमणे मारले, पण मदत अडवली नाही. दोन आठवड्यांच्या आत काँग्रेसने पहिला हप्ता मंजूर केला. १८८७ च्या दहा हजार डॉलरच्या बियाण्यापासून हार्वेपर्यंतचा प्रवास असा एकाच राज्यापाशी येऊन थांबतो. पाळी कोणावर येईल हे आधी कळत नाही, आणि ज्याला ते कळत नाही त्याने सावड मोडू नये.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र मी वजनदार मानतो. भरपाई मिळणारच अशी खात्री असली की माणूस नदीच्या पात्रात घर बांधतो. अमेरिकेत १९६८ साली संघ सरकारने पूर विमा योजना सुरू केली. त्यात काही घरे पुन्हा पुन्हा बुडाली, पुन्हा पुन्हा पैसे घेऊन त्याच जागी उभी राहिली. योजना इतकी तोट्यात गेली की २०१७ साली तिचे १६ अब्ज डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. हा पैसा बेघर गरिबांनाच गेला असेही नाही. समुद्रकाठच्या बंगलेवाल्यांनाही तो मिळाला. म्हणून मदत द्यावी, पण पुढच्या वेळी तेच संकट त्याच माणसावर येऊ नये अशा रीतीने द्यावी. हे अशक्य नाही. १९९३ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीच्या पुरात इलिनॉय राज्यातले व्हाल्मायर नावाचे छोटे गाव बुडाले. गावकऱ्यांनी ठरवले, आता इथे राहायचे नाही. संघ आणि राज्य सरकारच्या पैशाने सारे गाव जवळच्या टेकाडावर जाऊन वसले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागातली, म्हणजे आजच्या लातूर-धाराशिव जिल्ह्यांतली, कितीतरी गावे नव्या जागी वसवावी लागली. अशा कामांना लागणारा पैसा आणि वर्षे कुठल्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली नसतात.

दुसरा दोष कागदाचा. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया वादळाने पोर्तो रिको बेट उद्ध्वस्त केले. तिथे आजोबांनी बांधलेल्या घरात नातवंडे राहतात, पण मालकीचा दस्त कुणाकडे नसतो. घर डोळ्यांसमोर पडलेले, तरी कागद नाही म्हणून हजारो अर्ज नाकारले गेले. शेवटी २०२१ साली फेमाने नियम सैल केले आणि इतर पुरावे चालतील असे ठरवले. हे ऐकताना आपल्याला आपला पंचनामा आठवल्याशिवाय राहत नाही. बटईने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. पीक त्याचे वाहून जाते, भरपाई मालकाच्या खात्यावर जमा होते.

अमेरिकेतला वाद अजून मिटलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी फेमाच्या फेरविचारासाठी एक परिषद नेमली आणि ही यंत्रणाच गुंडाळून आपत्तीचे काम राज्यांकडे सोपवावे असे बोलून दाखवले. त्याच वर्षी ४ जुलैला टेक्सासमध्ये ग्वाडालूप नदीच्या खोऱ्यात एका रात्रीत पूर आला आणि त्या भागात १३० हून अधिक माणसे दगावली. तेव्हाही संघ सरकारने आपत्ती जाहीर करून मदत पाठवलीच. संकट दारात आले की तत्त्वज्ञान थोडे बाजूला सरते.

आपल्याकडे हा प्रश्न आला कसा? मला त्यासाठी दामाजीपंतांची कथा आठवते. मंगळवेढ्याला दामाजी हा बिदरच्या बादशहाचा अंमलदार होता. दुष्काळ पडला. सरकारी कोठारे धान्याने भरलेली आणि दारात माणसे मरत होती. दामाजीने परवानगीची वाट न पाहता कोठारे उघडली. बादशहाचे बोलावणे आले. तेव्हा कथेप्रमाणे साक्षात विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन बिदरला गेला आणि त्याने धान्याची सारी किंमत भरून पावती आणली. ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. मला ती नेहमी राज्यकारभाराचीही वाटते. कोठार कोणाचे, हा तिच्यातला प्रश्न. बादशहाचे असेल तर दामाजी चोर. ज्यांनी शेतसारा म्हणून ते धान्य भरले त्यांचे असेल, तर दामाजीने त्यांचेच त्यांना परत दिले. दुष्काळात कोठार उघडायचे असा नियमच नव्हता, म्हणून देवाला यावे लागले. आपल्या काळात निदान देवाला तरी हे काम पडू नये.

नियम तर आपण केले आहेत. मुंबईच्या पुराच्या त्याच वर्षी, २००५ च्या डिसेंबरात, आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आहे, ईशान्येकडील आणि हिमालयातील राज्यांसाठी ९० टक्के. अमेरिकेतल्या ७५ टक्क्यांशी हा आकडा जुळतो, हे पाहून मला गंमत वाटली. मात्र याच कायद्याच्या १२ व्या कलमात मदतीची किमान मानके ठरवताना तो कृपेचा लॅटिन शब्द येऊन बसला आहे. करोनाच्या मृत्यूंबाबत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा ३० जून २०२१ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की किमान मदत ठरवणे सरकारच्या मर्जीवर नाही, ते बंधनकारक आहे. त्यानंतर मृतांच्या कुटुंबीयांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले. नाव कृपेचे, पण न्यायालय म्हणते देणे भाग आहे. आपली सारी गफलत या एका विसंगतीत साठलेली आहे.

आणि ती अजून फिटलेली नाही. २०२४ साली दुष्काळ निधीसाठी कर्नाटक सरकारला सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्याच वर्षी ३० जुलैच्या पहाटे केरळच्या वायनाडमध्ये दरडींनी गावेच्या गावे गिळली. पुनर्वसनासाठी २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्राने जे ५२९ कोटी ५० लाख रुपये मंजूर केले ते पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जाच्या रूपात. व्याज नाही हे खरे, पण कर्ज ते कर्जच. शिवाय आपत्तीग्रस्तांच्या कर्जफेडीत सवलत देण्याची तरतूद असलेले १३ वे कलम २०२५ च्या दुरुस्तीने कायद्यातून काढून टाकले गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी शेतातली मातीच खरवडून नेली. ऑक्टोबरात राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. एका राज्यावर एका हंगामात एवढा भार येऊ शकतो. अशा वेळी दिल्ली काय देणार, किती देणार, हे कोणत्या पक्षाचे सरकार कुठे आहे यावर ठरते अशी शंका जरी लोकांच्या मनात आली, तरी संघराज्याचे नुकसान होते. देणारा खरोखर पक्षपात करतो की नाही हा पुढचा प्रश्न. कृपा म्हटली की शंका येणारच, कारण कृपेला नियम नसतो.

आमच्या घरात दोन शब्द वेगळे मानले जात, खैरात आणि जकात. खैरात मनात येईल तेव्हा, वाटेल तेवढी द्यायची. जकातीचे तसे नाही. तिचा हिशेब ठरलेला, ती वर्षाकाठी काढायचीच, आणि घेणाऱ्याचा त्यात हक्क आहे असे धर्म सांगतो. आई तर म्हणायची, जकात घेणाऱ्याने आपले ओझे हलके केले, त्याच्याकडून आभाराची अपेक्षा कसली? सरकारी मदतीत मला हाच फरक हवा आहे. देशाने खैरात करू नये, हिशेबाने देणे द्यावे.

म्हणजे नेमके काय करावे? नुकसान किती झाले तर केंद्राचा वाटा किती, हे आधी ठरलेले आणि सर्वांना वाचता येईल असे असावे. तो किती दिवसांत मिळेल याची मुदत असावी. बियाण्याचे पैसे पेरणीनंतर आले तर त्यांचा उपयोग काय? जमीन कसणाऱ्याला, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला, कागद नसलेल्या विधवेलाही त्यात जागा असावी. घर पुन्हा त्याच ओढ्यात उभे राहू नये, याची अट असावी. आणि गावाने, जिल्ह्याने, राज्याने आपापली सावड सोडू नये. दिल्लीचा घेर मोठा आहे म्हणून जवळचे घेर गळून पडावेत असे क्लीव्हलंड यांना भय होते, ते आपण खोटे ठरवायला हवे.

राहता राहिला तो शब्द. ‘सानुग्रह’ काढून टाकायला एका शासन निर्णयाचा कागद पुरेल. त्याच्या जागी नुसते ‘आपत्ती साहाय्य’ लिहिले तरी चालेल. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात तो शब्द दिसला तर आपणही क्षणभर थांबून पाहा, ज्याचे घर गेले त्याने तो वाचला असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल.